मैफल, तबकडी आणि कात्री

पाश्चात्त्य रॉक संगीताविषयी आपल्या वार्षिकांकात लेख यावा, हे काही वाचकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. 'अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात राहून गिटारवाल्यांचे कौतुक कसले करतोस?' असे कोणी विचारीलही. पण गिटारवाल्यांचे कौतुक करणे हा या लेखाचा हेतू नाही. मला सांगायचे आहे ते एका वादाविषयी. तो मी प्रथम ऐकला चहाच्या टपरीवर, आणि पुढे तो आमच्या घरातच येऊन बसला.

कागलची पंचतारांकित एमआयडीसी आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर आहे. वडील तेथील एका फौंड्रीत फेटलिंगला आहेत. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मीही एका कारखान्यात पॅकिंग खात्यात हेल्पर म्हणून लागलो होतो. पहिली शिफ्ट सुटली की गेटासमोरच्या टपरीवर चार-पाच माणसे जमत. त्यांत एक क्वालिटी खात्यातले सुपरवायझर होते. पन्नाशी उलटलेली, तरुणपणी कोल्हापुरातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत. दुसरा टूलरूममधला फिटर, मूळचा बेळगावचा. त्याच्या मोबाईलमध्ये परदेशी बँडांखेरीज दुसरे काही सापडायचे नाही. या दोघांचे रोज भांडण होई आणि आम्ही बाकीचे कटिंग चहा घेत ऐकत असू.

"सर, लाइव्ह म्हणजे हे! 'मेड इन जपान'! असं परत कुणाला जमलंय काय?" असे फिटर म्हणे.

"अरं बाबा, लाइव्ह खरं, पण कुठल्या रात्रीचं? तीन रात्रींतलं निवडून लावलंय न्हवं?" असे सुपरवायझर म्हणत.

मला त्या वेळी दोघांचेही बोलणे कळत नसे. 'लाइव्ह' म्हणजे श्रोत्यांसमोर झालेला कार्यक्रम, तो जसा झाला तसा टेप केला, यात भांडण्यासारखे काय आहे? हळूहळू जे समजले ते असे.

कार्यक्रम आणि त्याची तबकडी यांच्यामध्ये एक टेबल असते आणि त्या टेबलावर एक माणूस बसलेला असतो. रंगमंचावरील प्रत्येक वाद्यापुढे, प्रत्येक गायकापुढे आणि ड्रमच्या तर चार-पाच भागांपुढे वेगवेगळे मायक्रोफोन असतात. त्यांतला आवाज एकत्र टेप केला जात नाही. रुंद टेपवर समांतर पट्ट्या असतात. एका पट्टीवर गिटार, दुसरीवर बेस, तिसरीवर गाणे, आणि एखाद-दुसऱ्या पट्टीवर नुसते श्रोते. डीप पर्पल या इंग्लिश बँडच्या ज्या ध्वनिमुद्रणावरून आमच्या टपरीवर रण माजे, त्याला आठ पट्ट्यांचे यंत्र होते. कार्यक्रम संपला, लोक घरी गेले, की या पट्ट्या स्टुडिओत येतात आणि मग टेबलावरच्या माणसाचे राज्य सुरू होते. गिटारचा आवाज वाढवायचा, गायकाचा जरा मागे न्यायचा, टाळ्या कोठे किती ठेवायच्या, हे तो ठरवितो. इथवर कोणाचीच हरकत नसते.

दुसरी पायरी कात्रीची. टेप सेकंदाला पंधरा इंच, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर धावते. तेव्हा एका सेकंदाची चूक ही हातात धरून दाखविता येईल अशी वस्तू असते. दाढीच्या पात्याने तिरका छेद द्यायचा, नको तो तुकडा काढायचा, दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. छेद तिरका अशासाठी की एक आवाज दुसऱ्यात अलगद मिसळावा, खटका ऐकू येऊ नये. पहिल्या रात्रीच्या गाण्याचा आरंभ आणि दुसऱ्या रात्रीचा शेवट अशा रीतीने एकत्र नांदू शकतात. आता हे सारे संगणकावर होते, पात्याची गरज उरलेली नाही. काम मात्र तेच.

तिसरी पायरी खरी वादाची. गिटारवादकाची एखादी तार त्या रात्री बेसूर लागली, किंवा गायकाचा आवाज फाटला, तर त्याला स्टुडिओत बोलावून तेवढाच भाग पुन्हा वाजवून किंवा गाऊन घ्यायचा, आणि जुन्या पट्टीच्या जागी नवी बसवायची. याला ओव्हरडब म्हणतात. मागे टाळ्या आणि शिट्ट्या त्या रात्रीच्याच राहतात. म्हणजे श्रोत्यांनी दाद दिली एका सुरावटीला, आणि तबकडीवर ती जोडली गेली दुसरीला.

यालाही निसर्गाने एक अडसर घातलेला आहे. मोठ्या आवाजाच्या गिटारचा सूर फक्त तिच्याच मायक्रोफोनमध्ये जात नाही, तो ड्रमच्या आणि गायकाच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो. तेव्हा गिटारची पट्टी पुसून नवी बसविली तरी जुन्या चुकीचे भूत शेजारच्या पट्टीवर राहतेच. कान तयार असलेला माणूस हे भूत शोधून काढतो. आमचा फिटर हेडफोन लावून तासन् तास हाच उद्योग करी.

आता 'मेड इन जपान'चेच घ्या. १९७२ च्या ऑगस्टमध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाकात व १७ तारखेला टोकियोत असे तीन कार्यक्रम झाले. तबकडी खरे तर फक्त जपानपुरती काढायची होती. तीन रात्रींतून सात गाणी निवडून दोन तबकड्यांचा संच झाला. बरीच गाणी मधल्या रात्रीची आहेत. रिची ब्लॅकमोर हा त्यांचा गिटारवादक एकच गाणे रोज वेगळे वाजवी, त्यामुळे कोणत्या रात्रीचे घेतले याला फार महत्त्व आहे. स्टुडिओत नव्याने काही भरले नाही असे बँडचे सांगणे आहे, आणि पुढे १९९३ साली तिन्ही रात्रींचे बहुतेक ध्वनिमुद्रण बाहेर आले तेव्हा लोकांना ताडून पाहण्याची सोय झाली. म्हणजे फिटरचे म्हणणे खरे, आणि सुपरवायझरांचेही. वाजविणे अस्सल आहे. पण अशी एक सलग रात्र या जगात कधी झालेली नाही.

याच्या उलट टोकाला थिन लिझी या आयरिश बँडची १९७८ ची 'लाइव्ह अँड डेंजरस' आहे. हिचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी याने पुढे सांगितले की, तबकडीचा तीन चतुर्थांश भाग पॅरिसच्या स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला आहे. बँडच्या बाजूने उत्तर आले की आकडा बरोबर आहे, पण उलटा! तीन चतुर्थांश भाग रंगमंचावरचा आहे, उरलेल्यात डागडुजी आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षे हा वाद चालला आहे. २०२३ साली मूळ कार्यक्रमांचा आठ तबकड्यांचा संच निघाला, तरी वाद मिटलेला नाही. मी दोन्ही ऐकले. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे जुनी तबकडी ऐकायला अधिक चांगली आहे, आणि हे कबूल करताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

विनोदी प्रकारही झालेले आहेत. लेड झेपलिन या बँडने १९७३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन रात्री कार्यक्रम केले व त्यांचे चित्रण केले. नंतर पाहतात तो मधले कित्येक तुकडे चित्रित झालेलेच नाहीत! मग १९७४ साली इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत तसाच रंगमंच उभारून उरलेले भाग पुन्हा चित्रित केले. तोवर बेसवादक जॉन पॉल जोन्स याने केस कापले होते, तेव्हा त्याला केसांचा टोप घालून उभे केले. १९७६ साली आलेल्या त्या चित्रपटात मधूनच त्याचे केस बदलतात. आमच्या गावच्या नाटकात दुसऱ्या अंकात राजाची मिशी बदलली होती त्याची मला आठवण झाली.

याच बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट हे १९७२ साली मुंबईत आले होते. इथल्या वादकांना बरोबर घेऊन त्यांनी आपली दोन गाणी स्टुडिओत वाजविली. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या छोट्याशा क्लबात ते सहज म्हणून वाजवायला उभे राहिले, असे त्या काळचे लोक सांगतात. मुंबईचे नाव तबकडीवर मिरवणारे चांगले उदाहरण त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन याने २००० सालच्या डिसेंबरात उस्ताद झाकीर हुसेन, मँडोलिनवादक यू. श्रीनिवास, पंडित शिवकुमार शर्मा, शंकर महादेवन यांच्यासह मुंबईत कार्यक्रम केले, आणि त्यांतून चारच मोठे तुकडे निवडून 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' ही तबकडी २००१ साली काढली. सुपरवायझर ही पुन्हा पुन्हा लावीत. संतूर आणि गिटार एकमेकांना उत्तरे देऊ लागली की ते चहाचा ग्लास खाली ठेवीत.

एके दिवशी फिटर फारच चिडला. "मग सर, तुमच्या मते कापायचंच न्हाई? तबकडीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावतात. तीन तासांचा कार्यक्रम कुठं घालणार?" यावर सुपरवायझरांनी जे उत्तर दिले ते माझ्या डोक्यात बसले. ते असे: साच्यातून कास्टिंग बाहेर आले की त्याला रनर, रायझर लोंबत असतात, कडेला फ्लॅश असतो. ते तोडून, घासून काढावेच लागते. यालाच फेटलिंग म्हणायचे. त्यात लबाडी नाही. पण कास्टिंगमध्ये ब्लोहोल आहे, आणि ते तू पुटीने भरलेस, वर रंग मारलास आणि पास करून पाठविलेस, तर? दिसायला तुकडा चांगलाच दिसेल. बिघडेल तो गिऱ्हाइकाच्या मशीनवर. "भरायचं असंल तर गिऱ्हाइकाला इचारून भर, कागदावर लिही. मग माझी काय हरकत न्हाई," असे ते म्हणाले.

फिटर म्हणाला, "गाणं काय इंजिनात बसवायचंय?" आणि सगळे हसले. त्याचेही अगदीच चूक नव्हते. तबकडी ही ऐकण्यासाठी असते, पुराव्यासाठी नव्हे, असे मानणारा मोठा वर्ग आहे. किस या अमेरिकन बँडची १९७५ ची 'अलाइव्ह!' स्टुडिओत भरपूर सुधारलेली आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही तिच्यावर जीव टाकणारे आहेतच.

आपल्याकडील संगीताचा या वादाशी संबंध काय, असे वाटेल. माझ्या मते फार जवळचा आहे. आपल्या रागसंगीताची तबकडीशी पहिली गाठ पडली तीच मैफलीबाहेर. १९०२ साली गौहरजान हिने कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणे केली तेव्हा समोर श्रोते नव्हते, एक भोंगा होता. गाणे तीन मिनिटांच्या आसपास आटोपायचे आणि शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगायचे. कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे ते त्यावरून कळे. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसविणे ही कात्री कोणत्याही टेपच्या कात्रीहून मोठी. ती गायकाने स्वतःच चालवायची, तीही गाता गाता.

ज्यांनी ती चालविलीच नाही असेही थोर लोक होऊन गेले. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेले अल्लादियाखाँ १९४६ साली वारले. त्यांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. त्यांचे गाणे कसे होते हे आपण शिष्यांच्या गळ्यातून ताडायचे. त्या शिष्यांपैकी केसरबाई केरकर याही ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार कडक होत्या, आणि गंमत अशी की त्यांचीच साडेतीन मिनिटांच्या आसपासची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेर निघाली. कोल्हापूरच्या देवल क्लबात, जो १८८३ पासून चालू आहे, किती मैफली झाल्या असतील आणि त्यांतल्या किती भिंतींनीच ऐकून ठेवल्या असतील!

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी बांगला देशातील निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला जो प्रसिद्ध कार्यक्रम झाला, त्याच्या आरंभी पंडित रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्ये जुळवू लागले. जुळवणी संपताच हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! रविशंकरांनी नम्रपणे सांगितले की, जुळवणी एवढी आवडली असेल तर वाजविणे अधिक आवडेल अशी आशा आहे. त्या दिवशी दुपारी व रात्री असे दोन कार्यक्रम झाले, आणि तबकड्यांचा संच दोन्हींतून मिळून बनविला. पण ही जुळवणी आणि त्या चुकीच्या टाळ्या कोणी कापल्या नाहीत. कापल्या असत्या तर त्या सभागृहातले लोक कोण होते हे आपल्याला कळलेच नसते.

आता आमच्या घरची गोष्ट. वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवितात आणि गातात. मंडळात पखवाज वाजविणारे एक आबा होते, पंच्याहत्तरी ओलांडलेले. गेल्या कार्तिकी एकादशीच्या रात्री मी मोबाईलवर सारे भजन टेप केले. दोन तासांचे झाले. टपरीवरचे ज्ञान अंगात भिनलेले होतेच. दुसऱ्या दिवशी मोबाईलवरच ते कापायला बसलो. खोकला काढला, मुलांचे रडणे काढले, हायवेवरच्या ट्रकचे भोंगे जमतील तेवढे काढले. एका अभंगात मध्येच आबांचा हात थांबला होता. वीस-बावीस सेकंद पखवाज नाही. नुसते टाळ आणि वडिलांची पेटी. मग आबांनी पुन्हा ठेका धरला. मला ती जागा पोकळ वाटली. त्याच अभंगाच्या आधीच्या कडव्यातला तेवढाच तुकडा उचलून मी तिथे बसविला. जोड इतका बेमालूम झाला की मी स्वतःच खूश झालो. फाईल मंडळाच्या ग्रुपवर टाकली. सर्वांनी वाहवा केली. मोबाईल भरला होता म्हणून मूळ फाईल पुसून टाकली.

पौषात आबा गेले. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा वडिलांकडे आला. त्याला ती एकादशीची रात्र ऐकायची होती. मी मोठ्या उत्साहाने लावली. तो अभंग आला, गेला. त्याने परत लावायला सांगितले. परत तेच.

"ह्यात ते थांबल्यालं कुठाय?" त्याने विचारले.

तेव्हा मला कळले की त्या रात्री नुसता ठेका चुकला नव्हता. आबांच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, बोटे वळत नव्हती. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिले, पुढचे कडवे न घेता तीच ओळ पुन्हा पुन्हा घोळवीत ठेवली, टाळकऱ्यांनीही वेग आवरून धरला, आणि आबा सावरून समेवर आले तेव्हा सर्वांनी जोराने गजर केला. मुलाला तेवढेच ऐकायचे होते. माझ्या फाईलमध्ये गजर होता; तो कशासाठी झाला ते नव्हते. वडील मला काहीच बोलले नाहीत. जेवताना फक्त एवढे म्हणाले की, ते कडवे मी दोनदा म्हटलेले नाही.

ही हकिकत मी टपरीवर सांगितली तेव्हा दोघांपैकी कोणीच वाद घातला नाही. सुपरवायझरांनी विचारले, "मूळ फाईल परत काढता येत न्हाई व्हय?" फिटर माझा मोबाईल घेऊन अर्धा तास बसला, त्याने आपल्या एका मित्राकडेही तो दिला. काही निघाले नाही.

यंदाच्या आषाढी एकादशीला मी पुन्हा टेप केले आहे. पखवाजावर आता आबांचा नातू बसतो. दोन तास दहा मिनिटांची पूर्ण फाईल कॉलेजच्या संगणकावर आणि घरी पेनड्राइव्हवर अशी दोन ठिकाणी ठेवली. शिवाय ग्रुपसाठी चाळीस मिनिटांची वेगळी केली, आणि तिच्याखाली काय काय कापले ते लिहून टाकले. ग्रुपवर बहुतेकांनी चाळीस मिनिटांचीच ऐकली. फिटरने मात्र पूर्ण मागून घेतली आहे. पहिली वीस मिनिटे पखवाजाला कणीक लावण्यात आणि पेटीशी सूर जुळविण्यात गेली आहेत, हे मी त्याला आधीच सांगून ठेवले आहे.